गेमसाठी दगड, बारवा, गढ्या घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरला बसून गेममधल्या परिसराचे असेट घडवते. दगड, पायऱ्या, पडक्या भिंती, झाडांचे बुंधे, असलंच सगळं. परभणी, नांदेड, बीड, धाराशिवकडची पोरंपोरी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न पाठवत राहतात. प्रत्येकाला वेगळं व्हॉइस नोट करून माझा घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी घडवते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये. गेम चालवणाऱ्या इंजिनांपैकी युनिटी, अनरिअल आणि गोडो हाताळलेत, तेव्हा बोलणं तेवढ्यापुरतंच. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला आकडा दिलाय.

१. ताई, स्कल्प्टिंग म्हणजे नेमकं काय? साध्या मॉडेलिंगपेक्षा वेगळं काय त्यात?

मॉडेलिंगमध्ये आपण एकेक बिंदू, एकेक कडा धरून हलवतो. स्कल्प्टिंगमध्ये पोळ्याला मातीचे बैल करतो तसं दाबायचं, ओढायचं, खरवडायचं. त्यासाठी मेश, म्हणजे बिंदू आणि ट्रँगलची जाळी, खूप दाट लागते, लाखांच्या घरातली. ती तशीच गेममध्ये टाकली तर गेम रांगायला लागतो. म्हणून प्रत्येक वस्तूच्या दोन मेश करायच्या. एक दाट, जिच्यावर हात चालवायचा. दुसरी हलकी, जी गेममध्ये जाते. दाट मेशवरचे खाचखळगे नॉर्मल मॅप नावाच्या चित्रात उतरवून हलक्या मेशवर चढवायचे, याला बेक करणं म्हणतात. खाली जे काही आहे ते या दोन मेशमधल्या ओढाताणीबद्दल आहे.

२. माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. जमेल का?

जमेल, पण एका वेळी एकच दगड. स्कल्प्टिंगचा बराचसा भार प्रोसेसर आणि रॅमवर पडतो. बेकसुद्धा सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररमध्ये प्रोसेसरवर होतं, वेळ लागतो एवढंच. अशा लॅपटॉपवर मी दाट मेश दहा लाख ट्रँगलच्या पुढे जाऊ देत नाही आणि बाकीच्या वस्तू वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. ब्राउझर बंद ठेवा, त्यातला यूट्यूबही.

आणि नावापुढचा आकडा वाढवत फाइल सेव्ह करत चला. माझी पहिली बारव ३८ लाख ट्रँगलची एकच मेश होती. लॅपटॉप अडकला, तेवढ्यात लाईट गेली, आणि बॅटरी तर कधीचीच मेलेली होती. चार दिवसांचं काम गेलं. खरं सांगायचं तर ती बारव गेली ते बरंच झालं. का, ते ८ मध्ये.

३. पेन टॅब्लेट घ्यावाच लागतो का? आणि झेडब्रश?

माउसला दाब कळत नाही, त्यामुळे प्रत्येक फटका सारख्याच जोराचा पडतो. शिकायला चालतं, रोजच्या कामाला नाही. सगळ्यात स्वस्त पेन टॅब्लेट घ्या, स्क्रीनवाला नको. झेडब्रश हे स्कल्प्टिंगचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण पैसे मोजावे लागतात. ब्लेंडर फुकट आहे आणि दगडमातीच्या कामाला पुरून उरतं.

४. एका असेटला किती ट्रँगल चालतात? एक आकडा सांगा ना.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि एक आकडा मागणाऱ्याला मी उलट विचारते: खेळणारा ती वस्तू किती जवळून बघणार, किती उजेडात, आणि पडद्यावर तिच्यासारख्या किती असणार?

देवगिरी किल्ल्यातली अंधारी आठवा. त्या भुयारी वाटेत मशालीच्या उजेडात भिंतीचा हातभर तुकडा दिसतो. तिथे भिंतीवर हजारो ट्रँगल खर्च करून काय मिळणार? तेच ट्रँगल बाहेर, आकाशाच्या पुढे उभ्या असलेल्या बुरुजाच्या कडेला द्या. वस्तूची बाह्यरेषा नॉर्मल मॅपला बदलता येत नाही, ती खऱ्या ट्रँगलनेच बनते. म्हणून माझा हिशेब असा: कडेवर दिसणाऱ्या आकाराला ट्रँगल, पृष्ठावरच्या खरखरीला नॉर्मल मॅप, दगडाच्या कणाकणाच्या पोताला शेडरमधलं बारीक टेक्स्चर, म्हणजे पृष्ठावर चढवायचं चित्र.

तरी आकडा हवाच असेल तर माझ्या साध्या फोनवरच्या कामातले देते: पायरीचा दगड १६० च्या आसपास, हाताएवढा धोंडा ८०, पायाखालचा खडा १२. हे माझे आकडे आहेत, कायदा नव्हे.

आणि फार बारीक ट्रँगलही महागात पडतात. ग्राफिक चिप पिक्सेल दोन बाय दोनच्या चौकटीत रंगवते. ट्रँगल एका पिक्सेलएवढा झाला तरी चारांचं काम होतं आणि तीन वाया जातात. लांबच्या वस्तू हलक्या करण्यामागे हेही एक कारण आहे (१८ पाहा).

५. ब्लेंडरमध्ये बिंदू कमी दिसतात, इंजिनमध्ये तिप्पट. माझं काय चुकलं?

काही नाही. साधा ठोकळा घ्या. ब्लेंडरमध्ये त्याचे बिंदू ८. धारदार कडा ठेवून इंजिनमध्ये आणला की २४ होतात, कारण प्रत्येक कोपऱ्यावर तीन बाजू येऊन भिडतात आणि प्रत्येक बाजूचा उजेड झेलायचा रोख वेगळा असतो, म्हणून त्या कोपऱ्याच्या तीन प्रती. यूव्हीची, म्हणजे चित्र चढवण्यासाठी मेश उलगडून केलेल्या सपाट नकाशाची, शिवण जाते तिथेही असंच. म्हणजे शिवणी आणि धारदार कडा जितक्या कमी, तितकी मेश खरोखर हलकी.

६. डायनटोपो, रिमेश आणि मल्टिरेस यातलं कधी काय वापरायचं?

आकार अजून सापडत नसेल तर रिमेश. ठोकळे एकमेकांत घुसवा, कंट्रोल-आर दाबा, सगळं एकजीव होतं. मात्र पातळ पत्र्यासारखी वस्तू रिमेशमध्ये फाटते आणि आधी केलेले यूव्ही जातात.

एकाच जागी तपशील हवा असेल, म्हणजे दगडाचा फक्त एक कोपरा फुटलाय, तर डायनटोपो. ब्रश फिरतो तिथेच तो मेश दाट करतो.

आकार पक्का झालाय, आता पोत चढवायचा, तेव्हा मल्टिरेस. याचा फायदा असा की खालची पातळी हलकी राहते आणि तिच्यावरच बेक करता येतं. पण प्रत्येक पातळीला पृष्ठं चौपट होतात हे लक्षात ठेवा. ५०० पृष्ठांची मेश पाचव्या पातळीला ५,१२,००० चौकोनांवर जाते, म्हणजे दहा लाखांहून थोडे जास्त ट्रँगल. डायनटोपो आणि मल्टिरेस एकाच मेशवर एका वेळी चालत नाहीत.

७. माझे सगळे दगड बटाट्यासारखे दिसतात. ब्रश चुकतोय का?

ब्रश नाही, बघणं चुकतंय. नव्या माणसाचा दगड बटाटा होतो कारण तो गोलापासून सुरू करतो आणि सगळीकडे सारखाच खरखरीत ब्रश मारतो.

मराठवाड्यात दगड शिकायला पैसे लागत नाहीत. आपल्या पायाखाली सगळा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. एखाद्या न बांधलेल्या विहिरीच्या काठावर जा आणि आत बघा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. तिन्हींची मोड वेगळी. पाषाण सुतकीने फोडलेला असतो, त्याला सपाट तोंडं आणि धारदार कडा असतात. मुरमाकडे झुकलेला दगड कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो, मधे गोल गाभा राहतो. सच्छिद्र थरातल्या दगडाला बारीक भोकं असतात, कुठे ती पांढऱ्या खनिजाने भरलेली.

आता ब्लेंडर उघडा. गोल नको, ठोकळा घ्या. स्क्रेप किंवा फ्लॅटन ब्रशने मोठी सपाट तोंडं पाडा, एका दगडाला सहा-सात पुरेत. मग दोन तोंडं भेटतात ती कड कुठे फुटलीय ते ठरवा. सगळीकडे नाही, जिथे लोक पाय देतात, दोर घासतो, पाणी ठिबकतं तिथेच. मग मधल्या आकाराचे खळगे. आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, पोत. एक तासाचं काम असेल तर मी चाळीस मिनिटं फक्त सपाट तोंडांवर घालवते. लहान करून, थंबनेलएवढा करून बघा. तेवढ्यातही पाषाण वाटला तर पुढे जा.

स्मूद ब्रशचा मोह आवरा. बटाटे तिथेच उगवतात.

८. आमच्या गावची बारव करायची आहे. सगळी एकत्र स्कल्प्ट करू की तुकड्यांत?

तुकड्यांत. ३८ लाखांची कथा वर सांगितलीच.

बारव म्हणजे त्याच त्याच दगडांची शिस्त आहे. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेसारखी, पायऱ्या फिरत खाली नेणारी असो किंवा आपल्याकडची साधी चौकोनी, जवळून पाहिली तर एकाच मापाचे दगड शेकड्यांनी रचलेले दिसतात. हेमाडपंती बांधणीत तर दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवायचे. त्या पाथरवटांनी काम सोपं केलं ते माप ठरवून, आणि आपणही तेच करायचं.

माझ्या दुसऱ्या बारवेचा हिशेब देते. दगडाचं माप ठरवलं: ९० सेंटिमीटर लांब, ३५ खोल, ३० उंच. या मापाचे फक्त सात दगड घडवले. प्रत्येकाच्या सहाही बाजू घडवल्या, मागची आणि खालचीसुद्धा. कारण असा ठोकळा त्याच जागेत चार प्रकारे बसतो: जसा आहे तसा, किंवा तीनपैकी एका अक्षाभोवती अर्धा फिरवून. सात दगडांचे अठ्ठावीस चेहरे झाले. आरशासारखं उलटवलं तर आणखी मिळतात, पण मी उणे स्केल वापरत नाही, पुढे कुठेतरी ते दगा देतं.

पूर्ण बारवेला ६१२ दगड लागले. प्रत्येकी १६० धरले तर ९८ हजारांच्या आत. सात दगडांचं टेक्स्चर मिळून एकच, मटेरिअल एकच. एकच मेश आणि एकच मटेरिअल असलं की इंजिन त्या सगळ्या प्रती एका हुकमात रंगवू शकतं. युनिटीत त्याला जीपीयू इन्स्टन्सिंग म्हणतात, अनरिअलमध्ये इन्स्टन्स्ड स्टॅटिक मेश, गोडोत मल्टिमेश. ६१२ हुकमांऐवजी सात.

एक मेख आहे. गोडोत एक मल्टिमेश म्हणजे एकच वस्तू. तिचा कोपरा जरी कॅमेऱ्यात आला तरी सगळ्या प्रती रंगवल्या जातात. म्हणून मी बारवेच्या चार बाजूंचे वेगळे गट केले. सात चोक २८ हुकूम झाले, पण पाठीमागची बाजू सुटते.

कोपऱ्याचे दगड, देवळी, मोटेची धाव यांना वेगळे तुकडे लागतात. तिथे हात मोकळा सोडा, नजर तिथेच थांबते.

९. पण तेच दगड परत परत आले की लगेच ओळखू येतं. त्याचं काय?

फिरवण्याचं वर सांगितलं. शिवाय सातपैकी एकही दगड ‘देखणा’ करू नका. ज्याला मोठी चीर किंवा ठसठशीत भोक आहे तो तिसऱ्यांदा दिसला की चोरी पकडली जाते. ओळखू येणारा दगड हवाच तर तो आठव्या क्रमांकाचा, वेगळा, आणि पूर्ण बारवेत एकदाच. रंगात थोडा फरक प्रतीगणिक रंग बदलून द्या. पाण्याची रेघ, शेवाळ, चुन्याचे डाग हे डेकल म्हणून वरून चिकटवा, म्हणजे ते दगडांच्या सांध्यांवरून सलग जातात आणि खालची पुनरावृत्ती झाकतात.

१०. हलकी मेश डेसिमेटने करू की हाताने रिटोपो?

दगडाला डेसिमेट, म्हणजे ट्रँगल आपोआप कमी करणं. दगड वाकत नाही, हलत नाही, त्याच्या जाळीचं कौतुक कोणी करत नाही. कोलॅप्स ठेवा, रेशो कमी करत जा आणि बाह्यरेषा बिघडायला लागली की एक पाऊल मागे या. मग हाताने दोन-चार लांबट, सुईसारखे ट्रँगल नीट करा. कोरीव खांब, कमान, चौकट यांना मात्र रिटोपो, म्हणजे हाताने नवी हलकी जाळी, कारण तिथे सरळ रेषा सरळ दिसल्या पाहिजेत आणि डेसिमेटला सरळपणाची पर्वा नसते.

११. बेक केल्यावर काळे डाग येतात. किती वेळा केलं तरी तेच.

या क्रमाने तपासा. दोन्ही मेशचं स्केल अप्लाय केलंय का. दोन्हींच्या पृष्ठांची तोंडं बाहेर आहेत का. आधी दाट निवडून मग हलकी निवडली का, कारण ‘सिलेक्टेड टू अ‍ॅक्टिव्ह’मध्ये शेवटी निवडलेलीवर बेक होतं. एक्स्ट्रुजन (हलकी मेश बेकपुरती किती फुगवायची तो आकडा) फार कमी असेल तर दाट मेशची टेकाडं बाहेर राहतात, फार जास्त असेल तर शेजारचा दगड पकडला जातो. म्हणून दगड दूर दूर ठेवून बेक करा.

तरी कडांवर रेघ दिसते? जिथे कड धारदार ठेवलीय तिथे यूव्हीची शिवण असलीच पाहिजे आणि यूव्हीच्या सुट्या तुकड्यांमध्ये, म्हणजे बेटांमध्ये, मोकळी जागाही. नव्वद टक्के रेघा इथेच संपतात. हा माझा अंदाज, मोजमाप नाही.

नॉर्मल मॅपच्या चित्राचं कलर स्पेस नॉन-कलर ठेवायला विसरलात तर डाग येत नाहीत, पण उजेड सगळीकडे विचित्र पडतो.

१२. ब्लेंडरमध्ये खळगा होता, अनरिअलमध्ये तिथे फुगवटा दिसतो.

नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल उलटा आहे. ब्लेंडर, युनिटी आणि गोडो ओपनजीएलची पद्धत पाळतात, अनरिअल डायरेक्टएक्सची. अनरिअलमध्ये टेक्स्चर उघडून हिरवा चॅनेल उलटवायची खूण करा. संपलं.

१३. टेक्स्चर २०४८ घेऊ की ४०९६?

आधी घनता ठरवा, माप आपोआप येतं. मी मीटरला ५१२ पिक्सेल धरते. ४ मीटर बाय ३ मीटरच्या भिंतीला त्या हिशेबाने २०४८ बाय १५३६ लागतील. बारवेचे सातही दगड, सहा बाजूंसकट, मिळून पावणेदहा चौरस मीटरच्या आत बसतात आणि २०४८ च्या एका टेक्स्चरवर १६ चौरस मीटर जागा असते, म्हणजे मोकळ्या जागा सोडूनही पुरतं. सगळ्या परिसरात घनता सारखी ठेवा. चकचकीत तपशिलाच्या दगडाशेजारी धूसर भिंत आली की डोळ्याला खुपतं, दोन्ही एकेकट्या कितीही चांगल्या असल्या तरी.

वजन फाइलच्या आकारावरून मोजू नका. पीएनजी डिस्कवर लहान असते, मेमरीत उलगडते. २०४८ बाय २०४८ चं टेक्स्चर कॉम्प्रेशनशिवाय १६ एमबी खातं. फोनवरच्या एएसटीसी कॉम्प्रेशनच्या ६ बाय ६ प्रकारात तेच पावणेदोन एमबीच्या आसपास येतं. ४०९६ केलं की सगळं चौपट.

रफनेस (खरखर), मेटॅलिक (धातूपणा), अ‍ॅम्बिअंट ऑक्लुजन (खाचांतली सावली) ही तीन काळीपांढरी चित्रं एका चित्राच्या तीन रंगांत भरा. कोणतं कुठे ते इंजिनप्रमाणे बदलतं. जीएलटीएफ फाइलमध्ये लालात ऑक्लुजन, हिरव्यात रफनेस, निळ्यात मेटॅलिक. युनिटीच्या यूआरपी या रेंडर पद्धतीत मेटॅलिक लालात आणि गुळगुळीतपणा अल्फात.

१४. उन्हाळ्यातल्या काळ्या मातीच्या भेगा स्कल्प्ट करायच्या का?

एकदाच, चार चौरस मीटरच्या तुकड्यावर. ब्लेंडरच्या स्कल्प्ट मोडमध्ये सिमेट्रीखाली टायलिंग आहे. ते चालू केलं की डाव्या काठाबाहेर गेलेला फटका उजवीकडून आत येतो, म्हणून तुकडा तुकड्याला बिनजोड लागतो. चैत्र-वैशाखात रानात जाऊन बघा: भेगा जाळीसारख्या येतात खऱ्या, पण एक-दोन मुख्य भेगा रुंद असतात, बाकीच्या त्यांना काटकोनाच्या आसपास येऊन मिळतात, आणि कडा आत वळलेल्या. सगळ्या भेगा सारख्या रुंदीच्या केल्या तर जमीन नाही, फरशी दिसते.

तो तुकडा सपाट पृष्ठावर बेक करा आणि टेरेनवर, म्हणजे इंजिनमधल्या जमिनीवर, पसरा. खेळणारा वाकून बघणार असेल तेवढ्या जागेपुरती खरी भेग मेशमध्ये करा, बाकी नॉर्मल मॅप.

१५. इंजिनच्या टेरेनमध्येच लेणं कोरता येईल का?

नाही. युनिटी काय, अनरिअल काय, टेरेन म्हणजे उंचीचा नकाशा. एका जागेला एकच उंची. खाली जमीन, वर छत अशा दोन उंच्या तिथे मावत नाहीत. टेरेनला भोक पाडायचं आणि आत मेश बसवायची.

आणि कोरायचा हट्ट सोडा. वेरूळचं कैलास, १६ व्या क्रमांकाचं लेणं, आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत नेलं. त्यांना दगड काढून टाकावा लागला, आपल्याकडे आत दगडच नाही. आपल्याला फक्त दिसणारी कातडी लागते: छत, भिंत, खांब, जमीन. पाठीमागची बाजू कोणी बघणार नाही, ती उडवा. बुलियनने डोंगरातून खोली कापणाऱ्यांच्या फाइली मी दुरुस्तीला घेत नाही.

छिन्नीच्या खुणा मात्र जरूर घ्या, तिरप्या, एका दिशेच्या, जोडणाऱ्या तुकड्यांवर सलग.

१६. पडकी गढी करतेय. माती विरघळल्यासारखी कशी दाखवू?

गढीत दोन जीव आहेत. खाली दगड, वर पांढऱ्या मातीची भिंत. दगड तसाच राहतो, माती दर पावसाळ्यात उतरते. म्हणून मातीच्या भागाची बाह्यरेषा मेशमध्येच बदला: माथा गोलसर, पायाशी वाहून आलेल्या मातीचा ढीग, मधे पाण्याच्या उभ्या ओघळी. इथे, आणि बहुधा इथेच, स्मूद ब्रश माफ. माळवद पडलं असेल तर तुळयांची टोकं भिंतीतून बाहेर आलेली दाखवा. एक तुळई घडवा, दहा लावा.

गढी एका मेशमध्ये देऊ नका. माझी पहिली गढी एका स्टुडिओने परत पाठवली. मला राग आला होता, पण चूक माझीच: चार बुरूज आणि तट सगळा एकजीव होता. एका बुरुजाची कड दिसली तरी पूर्ण गढी रंगवली जायची. आता बुरूज वेगळा, तटाचा दर पाच-सहा मीटरचा तुकडा वेगळा. उलट टोक गाठून एकेक दगड सुटा ठेवलात तरी पंचाईत, त्यावर उपाय ८ मध्ये आहे.

१७. बाभूळ किंवा लिंब स्कल्प्ट करता येईल का?

बुंधा करा. पानं नको. बाभळीची साल उभ्या चिरांची असते, तो पोत बिनजोड तुकडा करून गुंडाळा (१४ ची पद्धत). पानांसाठी छोट्या फांदीचं चित्र असलेले पत्रे लावा. पत्र्याचा रिकामा, पारदर्शक भागही इंजिनला रंगवून टाकून द्यावा लागतो, म्हणून पत्रा पानांच्या आकाराच्या जवळून कापा. चार-सहा ट्रँगल वाढतात, पण फोन गरम होत नाही.

१८. एलओडी हाताने करायचे की इंजिनवर सोडायचे?

एलओडी म्हणजे लांबून दिसताना वापरायच्या त्याच वस्तूच्या हलक्या प्रती. दगड इंजिनवर सोडा. अनरिअल स्वतः करून देतं, गोडो ४ सीन आयात करतानाच करतं. युनिटीत मी ब्लेंडरमधून तयार करून एलओडी ग्रुपला लावते. पायरीचा दगड पहिल्या पातळीला १६०, मग ६०, मग १२, म्हणजे साधा ठोकळा. कमानी, जाळ्या, तुळया यांचे हाताने करा. यंत्र कमान अर्धी करताना तिची गोलाई खाते आणि वस्तू बदलताना उडी दिसते.

१९. खेळाडू माझ्या पायऱ्यांवर अडखळतो. कोलिजन कसं द्यावं?

दिसणारी मेश कोलिजनला, म्हणजे खेळाडूची धडक झेलायला, कधीच देऊ नका. पायऱ्यांच्या रांगेवर एक तिरपा ठोकळा टाका, खेळाडू उतारावरून सरकतो, डोळ्याला पायऱ्या उतरल्यासारखं वाटतं. अनरिअलमध्ये ब्लेंडरमधल्या ठोकळ्याला दिसणाऱ्या मेशचंच नाव द्यायचं आणि त्याआधी ‘यूसीएक्स’ आणि अंडरस्कोर, गोडोत नावाच्या शेवटी ‘कोलओन्ली’ची खूण (दोन्ही रोमन अक्षरांत). युनिटीत बहिर्वक्र मेश कोलायडरला २५५ ट्रँगलची मर्यादा आहे, पण तेवढे लागले तर समजा ठोकळा चुकीचा आहे.

२०. अनरिअलमध्ये नॅनाइट आहे, मग हे सगळं कशाला?

तुमचा गेम चांगल्या पीसीवर चालणार असेल तर खरंच बरंच सोपं झालंय. २०२२ मध्ये अनरिअल ५ आलं तेव्हापासून दाट दगड थेट टाकता येतो, एलओडीची झंझट नाही. पण डिस्कवरची जागा लागतेच, टेक्स्चरचं वजन तेवढंच राहतं, पारदर्शक मटेरिअल चालत नाही आणि पानांचे पत्रे तिथेही महाग पडतात. आणि ज्या फोनवर आपल्या भागातली पोरं खेळतात, त्यावर नॅनाइटच्या भरवशावर राहू नका. माझं निम्म्याहून जास्त काम फोनचं आहे.

२१. देवळाचे फोटो काढून स्कॅन केलं तर घडवायची गरजच काय?

फोटोंवरून मेश करणारं मेशरूम फुकट आहे, पण त्याला एनव्हिडियाचं कार्ड लागतं. ढगाळ दिवशी फोटो काढा, उन्हात सावली टेक्स्चरमध्ये भाजली जाते. एका फोटोचा बराच भाग पुढच्यात आला पाहिजे. जे मिळतं ती दाट मेश समजा, म्हणजे १० आणि ११ चुकत नाही. पॉलिश झालेला, तेलकट किंवा ओला दगड स्कॅनला दाद देत नाही. गाभाऱ्यातली पाषाणमूर्ती म्हणूनच जमत नाही, आणि तिथे कॅमेरा काढूही नये.

संरक्षित स्मारक असेल तर, अजिंठा असो, औंढा नागनाथ असो की बीबी का मकबरा, ट्रायपॉड किंवा ड्रोन काढण्याआधी संबंधित कार्यालयात विचारा. स्कॅन विकायचं असेल तर लेखी. त्यापेक्षा शेताच्या बांधावरचा धोंडा स्कॅन करा. तो कोणाला विचारत नाही, बांधाचा वाद चालू नसेल तर.

२२. एआयने थ्रीडी दगड बनवून मिळतो की.

मिळतो. त्याची जाळी विस्कटलेली आणि यूव्ही कुटलेल्या काचेसारखे असतात. दाट मेश म्हणून घ्या, त्यावरून हलकी करा. परवाना वाचा. पायरीचा दगड मागितला तर बटाटा येतो, ७ पाहा.

२३. सगळं बरोबर केलं, पण इंजिनमध्ये आणल्यावर बारव काडेपेटीएवढी होते. कधी शंभरपट मोठी.

युनिटी आणि गोडोचं एक एकक म्हणजे मीटर, अनरिअलचं सेंटिमीटर. एफबीएक्स फाइल काढताना यातलंच काहीतरी शंभरने सरकतं. ब्लेंडरमध्ये कंट्रोल-ए दाबून स्केल आणि रोटेशन अप्लाय करा, मगच एक्स्पोर्ट. युनिटीत वस्तू आडवी पडत असेल तर एक्स अक्षावर उणे ९० चा फेरा आलेला असतो, तोही एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्येच मिटवा, सीनमध्ये नाही.

मी प्रत्येक फाइलमध्ये १६५ सेंटिमीटर उंचीचा एक करडा ठोकळा ठेवते, आईच्या उंचीचा. बारव आयात केली की आधी तो ठोकळा पहिल्या पायरीवर उभा करते. पायरी त्याच्या नडगीपर्यंत आली की माप बरोबर. आईने एकदा स्क्रीनवर पाहून विचारलं, ही कोण उभी केलीस विहिरीवर, आणि हिला घागर का नाही दिलीस.